ठळक अक्षरांच्या मुलखात

पांढरकवड्याहून यवतमाळला येताना रस्त्याकडेच्या गावांतल्या भिंती वाचत यावं. मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, बियाण्याच्या कंपन्या या भिंती रंगवून घेतात. पिवळ्या पट्ट्यावर लाल नाहीतर निळ्या पट्ट्यावर पांढरं, आणि अक्षर एवढं भरलेलं की धावत्या एसटीच्या खिडकीतूनही कपाशीच्या वाणाचं नाव आणि त्यापुढचा आकडा डोक्यात बसतो. अजित १५५, राशी ६५९. ज्याला शाळेत फार दिवस बसायला मिळालं नाही, त्यालाही हे आकडे पाठ असतात. पावसाळा सरत आला की पट्ट्याचा रंग उडतो, खालची माती दिसू लागते, तरी अक्षराचा ठसा राहतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘अक्षर’ हा विषय ठेवला आणि मला रस्त्यावरचं अक्षर बघून यायला सांगितलं. मी यवतमाळ निवडलं. या जिल्ह्यात जाड, खेळकर, लांबून हाक मारणारं अक्षर जागोजागी आहे: भिंतीवर, ट्रॉलीवर, दुर्गोत्सवाच्या कमानीवर, पोळ्याला तर बैलाच्या अंगावरही. दुसरं कारण एका फॉन्टचं. त्याचं नाव ‘मोदक’. देवनागरीत आजवर झालेल्या सर्वांत लठ्ठ अक्षरांत त्याची गणना होते, तो मराठी माणसांनी मुंबईत घडवला आहे आणि कुणालाही फुकट वापरता येतो. तो इथवर पोचला आहे का, आणि नसेल तर मध्ये काय अडलं, हे मला बघायचं होतं.

अक्षराचं पोट

आर्णी नाक्याच्या बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारं एक वर्कशॉप आहे. नव्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर रेड ऑक्साइडचा हात वाळलेला होता आणि पन्नाशी ओलांडलेले एक पेंटर त्यावर ‘बळीराजा’ लिहिणार होते. त्यांनी सुतळीला खडूची पूड चोळली, दोन टोकं दोघांनी धरली, मध्ये टिचकी मारली. वर एक रेघ, खाली एक रेघ. आता ते खडूनं अक्षरांच्या कडा काढतील असं मला वाटलं. त्यांनी कडा काढल्याच नाहीत. प्रत्येक अक्षर जिथं येणार तिथं आधी एकेक छोटी खूण केली, अक्षराच्या आतल्या मोकळ्या जागेची.

“आधी पोट पाहा लागते, भाऊ,” ते म्हणाले. “पोटात हवा नसली तं अक्षर मरते.”

मग दोन बोटं रुंदीचा चपटा ब्रश पिवळ्यात बुडाला. ‘ब’चं पोट गोल आणि त्यात तिरपी रेघ. ब्रश एवढा जाड असल्यावर पोटात रेघेला जागाच उरत नाही, म्हणून त्यांनी गोलाची डावी बाजू किंचित बाहेर फुगवली आणि तिरप्या रेघेला ब्रश आडवा धरून निम्म्या जाडीची केली. ‘ळ’ला त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ दिला. दोन वाटोळी शेजारी-शेजारी, दोन्हींना आपापली पोकळी हवी, आणि दोन्ही मिळून जागा मात्र एकाच अक्षराची. जाड ब्रशनं सरळ वळण घेतलं तर दोन्ही डोळे मिटतात आणि लांबून नुसता गोळा दिसतो. पेंटरांनी डाव्या वाटोळ्याला थोडं मोठं केलं, उजव्याला खाली ओढलं, आणि दोन्हींच्या पोटात रेड ऑक्साइडची जेमतेम बोटाच्या अर्ध्या जाडीची फट सोडली. लगेच येणाऱ्या दीर्घ वेलांटीचा दांडा त्यांनी शेजारच्या अक्षरांपेक्षा जरा सडपातळ ठेवला. मी विचारल्यावर म्हणाले, “सारेच सारखे जाडे केले तं एकमेकाले खातेत.”

शेवटी उजवीकडून आणि खालून काळ्याची शेड मारली. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितलं. तिथून पोकळीच्या त्या बारीक फटीच अक्षर ओळखायला मदत करत होत्या. पिवळा रंग सगळ्या अक्षरांत जवळपास एकसारखा पसरलेला होता. ‘ब’ कुठला आणि ‘र’ कुठला हे आतला लाल ठरवत होता.

देवनागरी जाड करणं अवघड का, ते इथं समजतं. शिरोरेषा वरची जागा आधीच घेते. तिच्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, खाली उकार. रेघ जाड करायची तर अक्षराला वर-खाली वाढायला वाव नाही, त्यामुळे जाडी आत शिरते आणि पोकळी खाते. यवतमाळच्या तालुक्यांचीच नावं घ्या. ‘आर्णी’त रफार आणि वेलांटी एकाच जागेसाठी भांडतात, ‘दारव्हा’त जोडाक्षर, ‘घाटंजी’त ‘ट’च्या डोक्यावरचं टिंब शेजारच्या कान्याला चिकटायला बघतं, ‘कळंब’ आणि ‘यवतमाळ’मध्ये तो ‘ळ’. जिल्ह्याचे सोळा तालुके जाड अक्षरात नीट लिहून दाखवले तर अक्षरकाराची परीक्षा पूर्ण होते, असं मी खात्रीनं म्हणेन.

मुंबईत घडलेला मोदक

‘एक टाइप’ ही मुंबईतली अक्षरं घडवणारी संस्था. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ‘मोदक’ची देवनागरी केली, रोमन बाजू नूपुर दातये यांनी केली, आणि गिरीश दळवी व प्रज्ञा नाईक यांचं साहाय्य होतं. सुरुवात हातानं काढलेल्या रेखाटनांपासून झाली, हे अक्षरांकडे बघून पटतं. एकही कोपरा टोकदार नाही. प्रत्येक अक्षर उकडीच्या पारीसारखं फुगलेलं, आणि आतली पोकळी म्हणजे नुसती पांढरी चीर.

पेंटरांनी फाळक्यावर जे केलं तेच इथं शेवटपर्यंत ताणलेलं आहे. मोदकमध्ये काळा भाग जवळजवळ सगळीकडे आहे आणि अक्षराची ओळख पांढऱ्या चिरांवर उभी आहे. ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातला फरक, ‘घ’ आणि ‘ध’मधला फरक, सगळा त्या चिरांच्या वळणात. अशा वेळी अक्षर घडवणारा रेघ काढत नसतो, रेघेमधली फट कोरत असतो. चीर जराशी रुंद झाली तर लठ्ठपणाची मजा जाते, जराशी अरुंद झाली तर छपाईत शाई पसरून ती बुजते. सबंध वर्णमालेत हा तोल एकसारखा सांभाळायचा म्हणजे महिनोन्महिन्यांचं काम.

दुसरी गुंतागुंत मात्रांची. हातानं लिहिणारा ऱ्हस्व वेलांटी त्या-त्या अक्षराच्या रुंदीला जुळवून घेतो: ‘रि’वर आखूड, ‘ष्ठि’वर लांबलचक. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत एकच वेलांटी सगळीकडे वापरावी लागे, आणि ती कधी आखूड पडे तर कधी शेजाऱ्याच्या डोक्यावर जाई. मोदकमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या आणि मात्रा काढून ठेवल्या आहेत, आणि पुढचं अक्षर बघून योग्य ती आपोआप बसते. जाड अक्षरात याला पर्याय नाही; रुंदी थोडीशी चुकली तरी ती डोळ्यांत खुपते.

याच संस्थेचा ‘बलू’ हा फॉन्टही गोलमटोल आहे. ‘जंगल बुक’मधल्या अस्वलाचं नाव त्याला दिलेलं आहे आणि तो नऊ भारतीय लिप्यांत आहे. तो मोदकइतका लठ्ठ नाही, म्हणून जास्त कामाला येतो. मला स्वतःला मोदक जास्त आवडतो. त्यात कुणीतरी ‘बघू या, कुठवर जाता येतं’ असं म्हणून खरोखर टोकापर्यंत गेलेलं दिसतं.

जाडी आली कुठून

जाड, ओरडणारं छापील अक्षर ही जाहिरातीची गरज. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंती लॉटरीच्या आणि नाटकांच्या पत्रकांनी भरल्या, पुस्तकी टाइप तिथं दिसेना, आणि ओतशाळांनी ‘फॅट फेस’ म्हणून ओळखले जाणारे लठ्ठ टाइप काढले. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी लाकडाचे खिळे यंत्रानं भराभर कापायची रीत आणली आणि हातभर उंचीची अक्षरंही स्वस्त झाली. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपर यांचा १९२२ चा ‘कूपर ब्लॅक’ हा गुबगुबीत टाइप तर शंभर वर्षांनंतरही दुकानांच्या पाट्यांवर सापडतो.

आपल्याकडे ही वाट सोपी नव्हती. रोमनचे मोठे आणि छोटे धरून बावन्न आकार कापले की मुख्य काम झालं. देवनागरीला जोडाक्षरं आणि मात्रा धरून खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं १८६९ पासून पोथ्या-पुस्तकांसाठी फार देखणे टाइप दिले; पण फक्त मथळ्यापुरत्या लागणाऱ्या, दहा वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या जाड अक्षरांसाठी एवढे खिळे कोण कापणार? त्यामुळे मराठीत मथळा हातानं काढायचा, त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा, आणि तो खिळ्यांच्या शेजारी बसवून छापायचा अशी पद्धत रुळली. कमल शेडगे यांच्यासारखे अक्षरकार त्यातून उभे राहिले. नाटकाची वर्तमानपत्रातली जाहिरात शेडग्यांच्या अक्षरावरून ओळखली जायची. दिवाळी अंकांची शीर्षकंही त्यांनी केली. २०२० मध्ये ते गेले.

म्हणजे मराठीत खेळकर अक्षर भरपूर होतं, पण प्रत्येक वेळी नवं काढलेलं. ‘बळीराजा’ लिहिणारे पेंटर आणि शेडगे यांच्या कामाची जागा आणि मोबदला यांत फार अंतर असेल, परंपरा एकच आहे. मोदकसारख्या फॉन्टनं केलं ते असं की हातातला तो अवखळपणा सबंध लिपीभर पसरवला आणि कुणालाही उचलता येईल असा ठेवला.

कोरलच्या खिडकीत

नवरात्रापूर्वीचे दिवस म्हणजे यवतमाळच्या फ्लेक्सवाल्यांचा खरा हंगाम. इथला दुर्गोत्सव मोठा. कोलकात्यानंतर आपलाच, असं यवतमाळकर छातीठोकपणे सांगतात. दत्त चौकाजवळच्या एका गल्लीत मी दिवसभर एका फ्लेक्स ऑपरेटरच्या पाठीमागच्या स्टुलावर बसलो. विशीतला मुलगा, हात कीबोर्डवर बघण्याजोगा वेगवान. मंडळाचे कार्यकर्ते येत, मजकूर मोबाइलवर दाखवत, आणि म्हणत, “दादा, अक्षर एकदम भारी पायजे. लांबून दिसलं पायजे.”

तो अक्षर भारी करायचा ते असं. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या संचातला नेहमीचा एक ठळक फॉन्ट घ्यायचा, कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये त्याला जाड आउटलाइन द्यायची, तिच्या मागे आणखी एक पांढरी, तिच्या मागे लाल, वर सोनेरी ग्रेडियंट. आउटलाइन अक्षराच्या कडेला सगळीकडून सारखीच चढते. तिला पोकळीची पर्वा नसते. ‘श्री’मधली गाठ बुजली, ‘दुर्गोत्सव’मध्ये रफार आणि मात्रा मिळून एक ढेकूळ झालं. मुलाला ते दिसत होतं. त्यानं आउटलाइन फिलच्या मागे सरकवली. आतलं पोट उघडलं, पण शेजारची अक्षरं बाहेरून एकमेकांत गेली, मग त्यानं हातानं एकेक अक्षर बाजूला केलं. पेंटरांनी ब्रशच्या एका फटकाऱ्यात केलेला निर्णय इथं माउसनं, नंतर, डागडुजी म्हणून होत होता. त्याच्या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही. त्याच्या हातात दिलेलं हत्यारच या कामासाठी नाही.

मी मोदकबद्दल विचारलं. नाव त्याला माहीत होतं. मोबाइलवर शुभेच्छांची पोस्टर करणाऱ्या मित्रांकडे त्यानं तो पाहिला होता. दुकानात का नाही? त्यानं मला करून दाखवलं. मोदक चालतो तो युनिकोडवर, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरची मराठी ज्या पद्धतीनं साठवली जाते तिच्यावर. दुकानात कोरलची जुनी आवृत्ती, आणि तिच्यात युनिकोड मराठी नीट जुळत नाही: वेलांटी अक्षराच्या पुढे जाण्याऐवजी मागे राहते, जोडाक्षर फुटतं, ‘स्व’चा ‘स्‌ व’ होतो. जुन्या श्रीलिपीची गोष्ट वेगळी. ती रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवते, म्हणून जुन्या प्रोग्रॅमला कसलीच शंका येत नाही. वर्षानुवर्षांच्या फायली त्यातच आहेत. ग्राहकानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो, तो इथं चिकटवता येत नाही, पुन्हा टाइप करावा लागतो, आणि त्यात नावांच्या चुका होतात. नव्या आवृत्तीत हे सगळं सुटतं. ती घ्यायला पैसे लागतात, आणि जुन्या फायली उघडल्यावर काय होईल याची मालकाला धास्ती आहे.

म्हणजे फॉन्ट फुकट आहे, खुल्या परवान्यावर आहे, मराठी आहे, तरी दारात येऊन थांबला आहे. मला हे फार लागलं. ज्या गावात अशा अक्षराचे इतके चाहते आहेत तिथं ते न पोचण्याचं कारण आवडनिवड असतं तर मी समजू शकलो असतो.

आणखी एक गोष्ट त्या स्टुलावरून दिसली. अर्ध्याहून जास्त फ्लेक्सवर ‘ल’ दांड्याचा होता, हिंदीसारखा. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये काढलेल्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच मराठीची रूपं ठरवून दिली आहेत. फॉन्ट हिंदीसाठी केलेला असला की ‘ल’ हिंदीचा येतो, ऑपरेटर तो बदलायला थांबत नाही, आणि मुलं दुकानाच्या पाटीवर एक ‘ल’ वाचतात, पुस्तकात दुसरा. आजचे काही फॉन्ट दोन्ही रूपं पोटात ठेवतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी ‘ल’ देतात. पण ते सांगण्याची सोय त्या जुन्या खिडकीत नाही. पेंटरांच्या फाळक्यांवर मला एकही दांड्याचा ‘ल’ दिसला नाही.

बैलाच्या अंगावर

पोळ्याला मी कळंबच्या पुढच्या एका खेड्यात होतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे तुपा-हळदीनं शेकून झाले होते. सकाळी बैल धुतले, शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, आणि झुलीखेरीज उघड्या राहिलेल्या अंगावर अक्षरं. गावातल्या पोरांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मा कापून साचे केले होते.

साच्यात देवनागरीची आणखी एक अडचण समोर येते. ‘ब’, ‘व’, ‘ळ’ यांच्या पोटातला तुकडा सुटा असतो; साचा कापला की तो गळून पडतो आणि पोट भरलेलंच छापलं जातं. म्हणून पोरं त्या तुकड्याला फिल्मचा एक बारीक जोड ठेवतात. छापल्यावर अक्षर त्या जागी तुटलेलं दिसतं. आणि बैलाच्या कातडीवर रंग केसांच्या कलानं ओढला जातो, त्यामुळे बारीक रेघ पाच मिनिटांत फिसकटते. जाड अक्षरच तिथं टिकतं. एका पोरानं ‘शेतकरी राजा’ छापताना ‘श’चा देठ आधीच गरजेपेक्षा जाड कापला होता, कारण मागच्या पोळ्याला तो पुसला गेला होता.

संध्याकाळी आखरावर तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची टोमणेवजा यमकं, सुरू झाल्या. झडत्यांत जे बोललं जातं तेच बैलांच्या अंगावर लिहिलेलं: कापसाचा भाव, कर्ज, पीकविमा. २०२२ च्या पोळ्याला राज्यात ठिकठिकाणी बैलांवर ‘पन्नास खोके एकदम ओके’ ही तेव्हाची राजकीय घोषणा झळकली होती. वर्षभर कंपन्या आणि पुढारी ठळक अक्षरात बोलतात. या एका दिवशी शेतकरी तितक्याच ठळक अक्षरात उत्तर देतो, आणि ते सबंध गाव वाचतं.

बाटलीवरचं बारीक

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जणांना उपचार घ्यावे लागले; यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रांग लागली होती. पीक त्या वर्षी डोक्याच्या उंचीला गेलं होतं, फवारा तोंडावर येत होता, बॅटरीच्या पंपांचा झोत जोराचा होता, आणि दोन-तीन औषधं मिसळून मारली जात होती. कारणं अनेक आहेत आणि अक्षर हे त्यातलं मुख्य कारण नव्हे. तरी अक्षरं बघत हिंडणाऱ्या माणसाला ते वगळून पुढे जाता येत नाही.

घाटंजीच्या एका कृषी केंद्रात मी कीटकनाशकाची बाटली हातात घेतली. नाव मोठं, रंगीत, तिरकं. खाली कायद्यानं ठरवलेला चौकोन, टोकावर उभा केलेला. अर्ध्या भागात विषारीपणा दाखवणारा रंग, लाल सर्वांत घातक. सोबतचं माहितीपत्रक उलगडलं. अनेक भाषांमध्ये एकच मजकूर, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम पट्टी. मराठी शोधावी लागली. हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेनं फवारा, रिकाम्या पोटी फवारू नका, हे सगळं तिथं लिहिलेलं होतं, आणि माझ्या चष्म्यातूनही वाचताना त्रास होत होता. अनुस्वार आणि रफार एकाच ठिपक्यात गेलेले. तो कागद शेतात, ओल्या हातानं, भर उन्हात उलगडून कुणी वाचेल, ही अपेक्षाच कशी करायची?

ज्या मुलखात वाणाचं नाव हातभर उंचीच्या अक्षरात भिंतीवर येतं, तिथं ‘तोंड बांधा’ हे शब्द सुईच्या टोकाएवढे का असावेत? लांबून वाचता येणारं अक्षर कसं घडवायचं हे ज्ञान इथं आहे. पेंटरांकडे आहे, मोदकमध्ये आहे.

परतताना मी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेलो आणि पेंटरांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले की फवारणीच्या त्या साली एका सरपंचानं त्यांना बोलावलं होतं. पांदण रस्त्याला लागण्याआधीच्या भिंतीवर त्यांनी फवारणीच्या सूचना लिहिल्या. सगळ्या सूचना मावत नव्हत्या, तेव्हा सरपंचांना सांगून त्यांनी तीनच ठेवल्या आणि ‘विष’ हा शब्द सगळ्यांत मोठा घेतला. ‘ष’च्या पोटातली तिरपी रेघ दोनदा पुसून पुन्हा काढली, कारण लांबून तो ‘प’ दिसत होता.

दर काय लावला, असं मी विचारलं.

“कंपनीले लावतो त्याच्या अर्धा,” ते म्हणाले. “पन ऑइल पेंट मारला. डिस्टेंपर दुसऱ्या पावसात जाते.”